जुन्या दस्तऐवजाची फ्रेम : भाव कसा ठरवावा?

अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड... कोणत्याही स्टेशनबाहेरच्या बाजारात फ्रेमवाल्याचे एखादे दुकान सापडतेच. लग्नाचे फोटो, काबा-मदीनेची चित्रे, आयतांचे तक्ते, सत्काराची मानपत्रे हे या दुकानांचे रोजचे काम. भाव पट्टीच्या फुटावर. काच, मागचा हार्डबोर्ड, खिळे, हूक सगळे त्याच भावात. गिऱ्हाइकाला तो भाव कळतो आणि दुकानदाराचेही भागते.

अडचण येते ती दुसऱ्या प्रकारच्या कामात. आजोबांचा निकाहनामा, खानदानी सनद, पणजोबांचे शाळेचे प्रमाणपत्र, हाताने लिहिलेल्या किताबाचा एखादा वरक घेऊन गिऱ्हाईक येते आणि म्हणते, "भाई, हा कागद आमच्या नातवंडांनाही दिसला पाहिजे. तशी फ्रेम करून द्या." काम वरून तसेच दिसते, चार पट्ट्या आणि एक काच. म्हणून बहुतेक कारागीर फुटाचाच भाव सांगून मोकळे होतात. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. कारागीर खरोखर जपणुकीचे काम करतो आणि पदरचे पैसे घालतो. नाहीतर नेहमीचाच माल लावून "काळजी नको, पक्के काम आहे" असे सांगतो. पहिल्यात धंदा बुडतो, दुसऱ्यात अमानत बुडते. दोन्ही टाळायचे तर न दिसणाऱ्या कामाचा भाव मांडता आला पाहिजे. आजचा धडा तेवढाच आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. फ्रेम आम्ही बनवत नाही. पण चिंधी, कटपीस, खळ आणि शिलाई यांचा हिशोब सारी उमर केला आहे, आणि कागदाचा धंदा कापडाहून फार दूर नाही, हे पुढे दिसेलच.

कागद कशाने मरतो?

भाव सांगण्याआधी माल समजला पाहिजे. आपल्याकडचा जुना कागद सुती चिंध्या आणि तागासारखे तंतू कुटून बनत असे. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्या मधल्या कागजीपुऱ्यात व जुन्नरला कागजी मंडळींचा हा पिढीजात धंदा होता. कागदावर खळ चढवून तो दगडाने घोटत, म्हणजे कलम सरळ चाले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा गिरणीचा कागद पसरला. त्यात तुरटी आणि राळ घालत. त्यामुळे कागदात आम्ल तयार होते. तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणूनच २०० वर्षांची सनद पुष्कळदा मऊ आणि मजबूत निघते, तर १९५० सालचा शाळेचा दाखला पापडासारखा मोडतो. कागदाच्या या नासाडीचे मुख्य कारण आम्ल आहे, हे अमेरिकेतील विल्यम बॅरो यांनी १९५०च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिले.

आता नेहमीच्या फ्रेमकडे पाहू. मागचा पुठ्ठा आणि हार्डबोर्ड त्याच लाकडाच्या लगद्याचे. त्यांतले आम्ल चिकटून असलेल्या दस्तऐवजात उतरते. जुनी फ्रेम उघडली की माउंटच्या खिडकीभोवती तपकिरी रेघ दिसते, ती याचीच निशाणी. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरून डाग पाडतो. फेविकॉलसारखा पांढरा गोंद एकदा बसला की कागद फाडल्याशिवाय सुटत नाही. काच कागदाला टेकली तर आत ओल धरते आणि शाई काचेला चिकटते. मुंबईच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणा ८० टक्क्यांच्या वर जातो. बुरशीला ६५-७० टक्केही पुरतात. शिवाय कसर आहे, वाळवी आहे, खिडकीतून येणारे ऊन आहे.

लॅमिनेशनबद्दल एक शब्द. पुष्कळ लोकांना तोच जपणुकीचा उपाय वाटतो. पण गरम प्लास्टिक एकदा कागदावर बसले की सुरक्षित निघत नाही, आणि आतले आम्ल आपले काम करीतच राहते. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांच्या प्रमाणपत्रावर शिक्के व सह्या लागतात. लॅमिनेशन केलेल्या कागदावर त्या कशा होणार? मूळ कागद घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला लॅमिनेशन करून देऊ नये.

जपणुकीच्या कामाचा नियम एका वाक्यात सांगता येईल : जे केले ते पुन्हा उलगडता आले पाहिजे. आमच्या भाषेत, कच्चा टाका घालावा, पक्की शिलाई नको. त्यासाठी लागणारा माल असा :

१) माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही आम्लरहित, शक्य तर सुती लगद्याचे.
२) दस्तऐवज टांगण्यासाठी जपानी टिश्यूच्या बारीक पट्ट्या आणि गव्हाच्या सत्त्वाची शिजवलेली खळ. पट्ट्या फक्त वरच्या कडेला. चारही बाजू चिकटवू नयेत.
३) अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, आणि तिच्यात व कागदात माउंटचे अंतर.
४) मागून धूळ व किडे जाऊ नयेत असे बंद आवरण, आणि भिंतीपासून फ्रेम थोडी सुटी राहावी म्हणून खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे.

बोर्ड खरोखर आम्लरहित आहे की नाही हे तपासण्याचा पेन मिळतो. साधारणपणे रेघ जांभळी उमटली तर बोर्ड ठीक, पिवळी उमटली तर आम्ल आहे. हा पेन आपल्या मालावरच चालवावा, गिऱ्हाइकाच्या कागदावर कधीही नाही. हातकागद म्हणजे आपोआप आम्लरहित, असेही समजू नये. तोही तपासून घ्यावा.

कोणते काम घेऊ नये?

भाव मांडताना पहिला प्रश्न "किती घ्यावे" हा नसून "घ्यावे की नाही" हा आहे. डाग धुणे, बुरशी साफ करणे, फाटलेला कागद सांधणे, जुना गोंद सोडवणे ही फ्रेमवाल्याची कामे नव्हेत. काजळाची शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. जुन्या हस्तलिखितावर ओला कापूस फिरवला तर अक्षर गेले, ते पुन्हा येत नाही. असे काम तज्ज्ञांकडे पाठवावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला संवर्धन केंद्र आहे. तेथून कागद दुरुस्त होऊन आला की फ्रेम आपण करावी. गिऱ्हाईक परत पाठवल्याने धंदा जात नाही, उलट भरवसा वाढतो.

ज्या मूळ कागदाची कचेरीत पुन्हा गरज पडणार आहे, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मिळकतीचे खत, तो फ्रेममध्ये अडकवू नये. त्याची चांगली नक्कल फ्रेम करावी, हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगावे.

आणखी एक बाब. वैज्ञानिक, ऐतिहासिक, साहित्यिक किंवा कलात्मक मोलाचे हस्तलिखित वा दस्तऐवज ७५ वर्षांपेक्षा जुना असेल तर तो १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतो आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. फ्रेम करून परदेशातल्या मुलाला पाठवायची आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला आधी चौकशी करायला सांगावे.

भावाचे चार भाग

पहिला भाग, माल. इथे कारागीर फसतो तो तुकड्यांत. कापडात आम्ही थानाच्या शेवटी उरणारा कटपीस भावात धरतो. जो धरत नाही त्याच्या नफ्याचा पैसा फळीवर चिंध्या होऊन पडतो. बोर्डाचेही तसेच आहे. शीटमधून लागले तेवढेच इंच मोजले आणि उरलेला तुकडा कोणत्याच कामाला आला नाही, तर तो घाटा आपलाच.

दुसरा भाग, वेळ. फुटाच्या भावात वेळ लपलेला असतो, कारण प्रत्येक फ्रेमला साधारण तेवढाच वेळ लागतो. जतनाच्या कामात दोन फूट पट्टीच्या फ्रेमलाही पाच तास लागू शकतात. म्हणून तासाचा भाव काढलाच पाहिजे. तो कसा काढावा ते पुढे देत आहोत.

तिसरा भाग, जबाबदारी. दुसऱ्याचा एकच एक कागद आपल्या दुकानात रात्रभर असतो. नळ फुटला, शॉर्टसर्किट झाले, तर तो बाजारातून विकत आणून देता येत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उपनगरांतील किती दुकानांत पाणी शिरले ते आपण पाहिले आहे. अमानत उंच फळीवर, बंद पेटीत ठेवण्याची सोय करावी लागते. विम्याच्या पॉलिसीत गिऱ्हाइकाचा माल येतो की नाही, हे एजंटाकडून लेखी घ्यावे. या सगळ्याला खर्च आहे.

चौथा भाग, नफा. मालक दुकानात बसतो त्याचा पगार म्हणजे नफा नव्हे. पगार खर्चात धरावा, नफा वेगळा.

एक उदाहरण

पुढील सर्व आकडे हिशोबाची रीत समजावी म्हणून मानलेले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

प्रथम तासाचा भाव. समजा एक मालक आणि एक कारागीर असे दुकान आहे. महिन्याचे भाडे २५,००० रुपये, कारागिराचा पगार २२,०००, मालकाचा स्वतःचा पगार २६,०००, वीज-फोन वगैरे ५,०००. एकूण ७८,०००. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास, माणसे दोन. म्हणजे ४१६ तास. पण हे सगळे तास टेबलावर जात नाहीत. गिऱ्हाइकाशी बोलणे, माल आणणे, वाट पाहणे यांत निम्मे जातात. आमच्याकडेही दहा थाने उलगडावी तेव्हा एक विकले जाते. तर कामाचे तास २०८ धरा. ७८,००० भागिले २०८, म्हणजे तासाला ३७५ रुपये.

आता काम. १२ बाय १८ इंचांचा जुना निकाहनामा, आधीच्या फ्रेममधून काढून नवी फ्रेम करायची. चहूबाजूंनी २ इंचांचा माउंट धरला तर माप १६ बाय २२ इंच. पट्टीचा घेर ७६ इंच. एक इंच रुंद पट्टीच्या तिरप्या कापात आणखी ८ इंच जातात. एकूण ८४ इंच, म्हणजे ७ फूट.

बोर्डाचे शीट ३२ बाय ४० इंचांचे. त्यातून १६ बाय २२चे तीनच तुकडे निघतात. आपल्याला दोन लागतात, एक खिडकीसाठी आणि एक मागे. शीट १,५०० रुपयांचे धरले तर दोन तुकड्यांचे १,००० झाले. पण त्या मापाचे काम दुकानात नेहमी येत नसेल, तर पूर्ण शीटचे पैसे लावावेत.

माल :
पट्टी ७ फूट, दर ९० : ६३० रुपये
आम्लरहित बोर्ड : १,०००
अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक, अडीच चौरस फूट, दर ४०० : १,०००
टिश्यू, खळ, बंद करण्याची पट्टी : १५०
मागचे प्लास्टिकचे शीट : १००
हूक, स्क्रू, बुचाचे तुकडे : ७०
बेरीज २,९५०. त्यावर नासाडीचे १० टक्के, २९५. एकूण ३,२४५ रुपये.

वेळ :
कागद तपासणे, फोटो काढणे, पावती लिहिणे : ३० मिनिटे
जुनी फ्रेम सावकाश उघडणे : ४५
माउंट कापणे : ४५
टिश्यूच्या पट्ट्या लावणे व सुकवणे : ६०
फ्रेम जोडणे, काच पुसणे, बंद करणे : ६०
गिऱ्हाइकाला दाखवून देणे : ३०
बेरीज २७० मिनिटे, म्हणजे साडेचार तास. दर ३७५ने १,६८८ रुपये.

माल आणि वेळ मिळून ४,९३३. जबाबदारी व नफा मिळून २५ टक्के धरले तर १,२३३. एकूण ६,१६६, म्हणजे सुमारे ६,२०० रुपये. कर लागत असल्यास वेगळा.

हीच फ्रेम फुटाच्या भावाने दिली असती तर? ७ फूट, दर १५०, झाले १,०५०. माउंटचे २५० धरा, एकूण १,३००. खरे काम करून १,३०० घेतले तर ३,६३३ रुपये पदरचे गेले. आणि १,३०० घेऊन तोटा झाला नसेल, तर खरे काम झालेले नाही. हा हिशोब इतका साफ आहे.

दोन हद्दी

भावाला खाली एक हद्द आहे, ती आपण पाहिली. वरही एक आहे. गिऱ्हाईक मय्यत वडिलांचे पत्र घेऊन आले, डोळ्यांत पाणी आहे, म्हणून २५ टक्क्यांचे ५० करू नयेत. कागद सनद असो वा साधे पत्र, सारख्या कामाला सारखा भाव. कागद नाजूक असेल तर तास वाढतात, आणि ते हिशोबात आपोआप दिसतात. नड पाहून भाव वाढवणे ही मेहनतीची उजरत नव्हे.

तसेच शब्द विकू नयेत. हलक्या कापडाला खळ चढवून जाड दाखवणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत. पहिल्या धुण्यात सगळे उघडे पडते. फ्रेममध्ये तर पहिले धुणे वीस वर्षांनी येते. साधा पुठ्ठा लावून त्याला "म्युझियम क्वालिटी" म्हटले तर गिऱ्हाइकाला आज कळणार नाही, पण कागद आतून खाल्ला जात राहील. ऐब लपवून माल विकणे नाजायज आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. चांगल्या कामाबद्दलही "कायम टिकेल" असे सांगू नये. फ्रेम नासाडीचा वेग कमी करते, थांबवत नाही. उन्हात आणि ओल्या भिंतीवर लावू नका, हे सांगणे कामाचाच भाग आहे.

पावतीवर काय लिहावे?

१८७२च्या भारतीय करार कायद्यात दुसऱ्याची वस्तू कामासाठी ताब्यात घेणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे. कलम १५१ प्रमाणे, तशाच स्वतःच्या वस्तूची समजूतदार माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी घ्यावी लागते. कलम १७० प्रमाणे, काम करारानुसार पूर्ण केल्यावर मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्कही आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापार पद्धत मानली आहे. म्हणून तोंडी कारभार सोडावा. पावतीवर इतके असावे :

१) कागदाचे वर्णन : माप, डाग, फाटलेली जागा, आधीची चिकटपट्टी. दोन्ही बाजूंचे फोटो.
२) काय लावणार : बोर्ड, काच, गोंद. प्रत्येकाचे नाव.
३) काय करणार नाही : धुणे, सांधणे, रंग भरणे.
४) मालाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी.
५) बयाना किती. निदान मालाच्या किमतीएवढा घ्यावा.
६) काम कधी मिळेल, आणि नेले नाही तर किती दिवस सांभाळणार.
७) दोघांच्या सह्या.

जुनी फ्रेम उघडल्यावर आत काय निघेल ते आधी सांगता येत नाही. कागद काचेला चिकटलेला निघाला तर तिथेच थांबावे, गिऱ्हाइकाला बोलवावे आणि नवा आकडा लिहून सही घ्यावी. आधी उघडण्याचे व तपासणीचे पैसे ठरवावेत आणि पुढचे काम आपल्याकडे आले तर ते वळते करावेत.

"फार महाग आहे"

असे म्हणणारे गिऱ्हाईक चुकत नाही. ६,२०० रुपये पुष्कळ घरांना जड आहेत. अशा वेळी माल गुपचूप हलका करू नये. भाव कमी करायचा तर काम उघडपणे कमी करावे. तीन दर्जे ठेवता येतात.

पहिला दर्जा वर सांगितलेला. दुसऱ्या दर्जात बोर्ड व टिश्यू तेच, पण ॲक्रिलिकऐवजी साधी काच. आमच्याच आकड्यांत काच ६० रुपये फुटाने १५० रुपयांत येते, आणि पूर्ण काम सुमारे ५,००० मध्ये बसते. ही फ्रेम अंधाऱ्या भिंतीवरच लावायची, असे पावतीवर लिहावे.

तिसरा दर्जा आमच्या मते सर्वांत उपयोगी. मूळ कागदाची रंगीत नक्कल काढून ती साध्या फ्रेममध्ये लावावी. मूळ कागद पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आम्लरहित बोर्डाच्या आधाराने, कपाटात आडवा ठेवायला द्यावा. पाकीट पीव्हीसीचे नसावे, आणि शाई सुटत असेल तर कागद पाकिटात घालू नये. नक्कल १५०, सहा फुटांची साधी फ्रेम ९००, पाकीट व बोर्ड २५०, पाऊण तासाची मजुरी २८१. सुमारे १,६०० रुपये. भिंतीवरही दिसते, आणि मूळ कागद अंधारात कोरडा राहतो. गरिबाच्या घरचा निकाहनामा श्रीमंताच्या भिंतीवरच्या सनदेपेक्षा या रीतीने जास्त टिकू शकतो.

या आठवड्याचा अभ्यास

१) आपल्या दुकानाचा तासाचा भाव काढा. स्वतःचा पगार धरायला विसरू नका.
२) दुकानातल्या प्रत्येक बोर्डाचा तुकडा पेनने तपासा आणि त्यावर तारीख व निकाल लिहा.
३) रद्दीतल्या जुन्या कागदावर टिश्यूची पट्टी लावा, सुकू द्या आणि पुन्हा सोडवून पाहा. कागदाला इजा न होता ती सुटेपर्यंत गिऱ्हाइकाचा कागद हातात घेऊ नका. या सरावाचे पैसे कोणाकडून घ्यायचे नसतात.
४) पावतीचा नमुना छापून घ्या.

पुढच्या वेळी कोणी आजोबांचा कागद घेऊन आले की फूटपट्टी बाजूला ठेवा आणि आधी पावतीपुस्तक काढा. भाव तिथून सुरू होतो.